सणाला कंटाळण्याचा हक्क

मराठी घरात सणाच्या दिवशी सगळ्यात जास्त अडचण कुणाची होत असेल, तर ती घरातल्या मुलाची. सकाळपासून त्याला इथून तिथे हलवत असतात. स्वयंपाकघरात शिरलं तर ‘हात लावू नकोस, नैवेद्य व्हायचाय’. देवघराकडे वळलं तर ‘रांगोळी पुसशील’. बाहेरच्या खोलीत गेलं तर तिथे स्टुलावर चढून दिव्यांची माळ लावणारे वडील ‘मध्ये येऊ नकोस’ म्हणून ओरडतात. दुपारी अडीचला आरती आटोपते, तेव्हा भुकेनं कळवळलेल्या त्या जिवाला पानावर बसवतात आणि ‘आधी वरणभात संपव, मग पुरणपोळी’ अशी शेवटची अट घालतात. हा सगळा खटाटोप मुलासाठी चालला आहे, असा संशयसुद्धा कुणाला येत नाही. सण देवासाठी असतो, पितरांसाठी असतो, सासूबाई करायच्या म्हणून असतो आणि बऱ्याच अंशी समोरच्या बिऱ्हाडानं नावं ठेवू नयेत म्हणून असतो. मुलाला संस्कृतीचा वारसा द्यायचा, हे कलम त्या दिवसाच्या यादीत कुठेच नसतं. तरीही तो वारसा मिळतो आणि इतका चिवटपणे मिळतो, की तेच मूल पंचवीस वर्षांनी न्यू जर्सीत बसून आईला व्हिडिओ कॉल लावतं आणि पुरण सैल झालं तर काय करायचं ते विचारतं.

आता याच्या अगदी उलटं घर बघू. अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य. आईवडील गोरे, मूळचे स्वीडन-नॉर्वेकडच्या वंशाचे, आणि मुलगी चीनमधून दत्तक घेतलेली. इथे चांद्र नववर्षाचा सण होतो तो फक्त मुलीसाठी. आई महिनाभर आधी वाचनालयातून पुस्तकं आणते, कागदाचा ड्रॅगन चिकटवते, लाल पाकिटं आणून ठेवते. वडील चॉपस्टिकनं जेवायचा सराव करतात आणि शर्टावर पडलेले डाग अभिमानानं मिरवतात. मुलीला रेशमी पोशाख घालतात आणि मग सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसतात. आपल्या संस्कृतीची ओळख पटल्याची काही खूण तिच्या चेहऱ्यावर उमटते का? मुलगी पाच वर्षांची आहे. तिला पिझ्झा हवा आहे. दत्तक मुलाच्या मूळ संस्कृतीचा मान राखायची ही धडपड प्रामाणिक आहे, तिची टिंगल करण्यात मोठेपणा नाही. पण तिच्या मुळाशी एक घोळ आहे. सण मुलाला भेट म्हणून देता येत नाही. तो घरानं स्वतःसाठी करायचा असतो आणि मुलानं त्यात सापडायचं असतं.

हा घोळ झाला कसा, ते बघायला थोडं मागे जावं लागेल. १९५५ साली ओरेगॉनमधल्या हॅरी आणि बर्था होल्ट या जोडप्यानं कोरियन युद्धामुळे अनाथ झालेली आठ मुलं एकदम दत्तक घेतली. त्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसला खास कायदा करावा लागला. तिथून जो ओघ सुरू झाला, त्यात पुढच्या काही दशकांत दक्षिण कोरियातून सुमारे दोन लाख मुलं परदेशी घरांत गेली. चीननं १९९२ पासून परदेशी पालकांना दार उघडलं आणि २०२४ मध्ये ते बंद केलं. दरम्यान दीड लाखांहून जास्त मुलं बाहेर गेली, त्यांत मुलींचा भरणा मोठा, आणि त्यातली साधारण निम्मी मुलं अमेरिकेत पोचली. होल्ट यांच्या काळातल्या पालकांना जाणकारांचा सल्ला सोपा होता: मूल आणा, नाव बदला, मांसबटाटे खाऊ घाला, मागचं सगळं ते विसरून जाईल. मुलं मोठी झाली आणि आरशात दिसणारा चेहरा घरातल्या एकाही फोटोशी का जुळत नाही, हे विचारू लागली. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९९३ च्या हेग करारानं मुलाच्या वांशिक, धार्मिक आणि सांस्कृतिक पार्श्वभूमीचा विचार व्हावा, असं लेखी बजावलं. भारतानंही २००३ मध्ये त्या करारावर मोहोर उठवली. पालकांची तयारी होतीच, आता बाजारही तयार झाला. अमेरिकी व्हिसासाठी चीनमधून मूल घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ग्वांगझौला जावं लागे आणि त्यातले पुष्कळजण व्हाइट स्वान हॉटेलात उतरत. तिथे त्यांना एक खास बार्बी भेट मिळे: सोनेरी केसांची, कडेवर चिनी बाळ घेतलेली. आसपासच्या दुकानांत रेशमी पोशाख रांगेनं टांगलेले असत आणि पुढच्या पाच-सहा वर्षांची मापं एकदमच घेऊन ठेवणारे दूरदर्शी पालकही होते. मूल अजून रांगत नव्हतं, पण त्याच्या सहाव्या वर्षीची संस्कृती बॅगेत भरून झाली होती.

पहिली अडचण इथेच येते. मूल एका देशातून येतं, हे पासपोर्टाचं म्हणणं झालं. सण मात्र देशाचे नसतात, गल्लीचे असतात. चीनमधून अमेरिकेत गेलेल्या मुलांपैकी पुष्कळ मुलं हूनान, ग्वांगडोंग, जिआंगशी, ग्वांगशी अशा दक्षिणेकडच्या प्रांतांतली. हा भाताचा मुलूख. नववर्षाच्या रात्री सगळ्या घरानं बसून गव्हाच्या पारीचे ज्याओझ वळायचे, ही रीत मुख्यतः उत्तरेची, तर दक्षिणेत तांदळाच्या पिठाच्या चिकट वड्यांचा मान मोठा. तरी अमेरिकेतल्या वाचनालयाच्या सभागृहात दरवर्षी ग्वांगशीच्या मुलीला बीजिंगचे ज्याओझ ‘तुझ्या पूर्वजांचं खाणं’ म्हणून भरवतात. आपल्याकडून गेलेल्या मुलांचीही तीच गत. पंढरपूरच्या बालकाश्रमातून कोलोरॅडोला पोचलेल्या मुलाच्या वाट्याला जी दिवाळी येते, तिच्यात समोसा असतो, बटर चिकन असतं आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यावर सामुदायिक नाच असतो. चकली, करंजी, कडबोळी यांचा पत्ता नसतो आणि पहाटेचं अभ्यंगस्नान तर कोलोरॅडोच्या थंडीत बालछळाच्या कायद्याखाली येईल. आता या पालकांना हसावं, तर आपली पंचाईत आहे. महाराष्ट्रातल्या दोन बिऱ्हाडांना तरी गौरीबद्दल एकमत करायला सांगा. एकीकडे नदीकाठचे खडे, दुसरीकडे मुखवटे. एकीकडे पुरणाचा नैवेद्य, तर कोकणात काही घरी तिखटाचा, म्हणजे चक्क मटणाचा. ‘महाराष्ट्राची गौर’ अशी वस्तू फक्त पर्यटन खात्याच्या पत्रकात सापडते. मिनेसोटातल्या आईनं त्या पत्रकावर विश्वास ठेवला, एवढाच तिचा दोष.

गल्लीची किंमत काय असते, हे सरू ब्रायर्लीच्या जगजाहीर गोष्टीत दिसतं. खांडव्याच्या गणेश तलाई वस्तीतला हा मुलगा पाच वर्षांचा असताना रेल्वेत झोपला, थेट कलकत्त्याला पोचला आणि १९८७ मध्ये टास्मानियातल्या होबार्टच्या एका जोडप्यानं त्याला दत्तक घेतलं. आईनं त्याच्या खोलीच्या भिंतीवर भारताचा मोठा नकाशा लावला. हेतू चांगलाच होता. पण मुलाच्या डोक्यात भारत नव्हताच. त्याच्या डोक्यात एक स्टेशन होतं, त्याजवळची पाण्याची टाकी होती, नदीवरचा बांध होता आणि वस्तीचं मोडकंतोडकं उच्चारलेलं नाव होतं. २०११ मध्ये गूगल अर्थवर त्यानं शोधून काढलं ते हेच. त्याच्या आयुष्यावरच्या ‘लायन’ या २०१६ च्या चित्रपटात त्याची आठवण जागी होते ती जिलबीच्या एका ताटलीनं. तिरंगा, ताजमहाल आणि भरतनाट्यम या तिघांना जे जमलं नाही, ते हलवायाच्या कढईतल्या एका ऐवजानं केलं.

दुसरा पुरावा जास्त बोचरा आहे. हेदर जेकबसन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००८ मध्ये या विषयावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. चीनमधून मुलं घेतलेल्या गोऱ्या आया आणि रशियातून मुलं घेतलेल्या गोऱ्या आया यांची त्यांनी तुलना केली. मूळ संस्कृती जपायची धावपळ चिनी मुलांच्या घरी जोरात होती, रशियन मुलांच्या घरी ती बरीच थंड होती. तसं पाहिलं तर रशियालाही सण आहेत, नाताळ तर त्यांचा जानेवारीत येतो आणि खाण्यापिण्यात रशियन माणूस कुणाला हार जाणार नाही. पण रशियन मूल गोऱ्या घरात दिसायला खपून जातं. दुकानातली बाई त्याच्याकडे बघून ‘हे कुठून आणलंत?’ असं विचारत नाही. म्हणजे संस्कृतीचा हा सोहळा मुलाच्या मनातून उगवण्याऐवजी शेजाऱ्यांच्या नजरेतून उगवत होता. त्याच अभ्यासात दिसलेली दुसरी गोष्ट मराठी बायकांना नवी वाटणार नाही: हे संस्कृती जपण्याचं काम बहुतेक ठिकाणी आईच करत होती. वर्गाला नाव घालणं, पोशाख आणणं, पदार्थ शिकणं सगळं तिच्याकडे. खंड बदलला, वंश बदलला, देव बदलला, तरी सणाच्या दिवशी बापाच्या वाट्याला दिव्यांची माळच येते, एवढी एक गोष्ट जगभर सारखी आहे.

तिसरा पुरावा मोठ्या झालेल्या मुलांचा. अमेरिकेतल्या इव्हान डोनाल्डसन दत्तक संस्थेनं २००९ मध्ये ४६८ प्रौढ दत्तकांची मतं गोळा करून एक अहवाल काढला आणि त्याच्या नावातच ‘कल्चर कॅम्पच्या पलीकडे’ जायची सूचना दिली. हे कल्चर कॅम्प म्हणजे उन्हाळ्यातली शिबिरं. कुठे कोरियन, कुठे चिनी, आणि कोलोरॅडोत तर भारतीय-नेपाळी मुलांचंसुद्धा. चार दिवसांत नाच, स्वयंपाक, हस्तकला आणि अभिमान, असा भरगच्च कार्यक्रम. अहवालात बोलणाऱ्यांनी या शिबिरांना वाईट म्हटलं नाही. पण आपण कोण हे उमगायला उपयोग कशाचा झाला असं विचारल्यावर त्यांचा भर पडला तो जगण्यातल्या गोष्टींवर: जन्मदेशाला भेट, नाना वंशांची मुलं असलेली शाळा, आपल्यासारख्या दिसणाऱ्या मोठ्या माणसांचा सहवास. पंखा हातात घेऊन नाचणं वर्षातून एकदा होतं. आपल्यासारखे डोळे असलेली गणिताची मास्तरीण रोज वर्गावर येते आणि रोज रागावते. या दोहोंत मुलाला घडवणारं कोण, हे सांगायला अहवालाचीही गरज पडू नये. शिबिरांच्या बाजूनं एक मात्र म्हणायला हवं. तिथे किमची शिकायला गेलेल्या मुलांना आपल्यासारखीच, गोऱ्या घरात वाढणारी दुसरी मुलं भेटतात. किमची विसरली जाते, मैत्री उरते. संयोजकांना जे देता आलं, ते त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेलंच नव्हतं.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीला आलेला जावई आठवा. त्याच्यासाठी पाट, पाटाभोवती रांगोळी, चांदीची वाटी, उटणं, अनारसे. सगळं घर त्याच्या तोंडाकडे बघतंय: आवडलं का, आणखी वाढू का, जरा गोड कमी झालं का. तो बिचारा अवघडून बसलेला, चकली मऊ पडली आहे असं म्हणायची सोय नाही. त्याच घरचा मुलगा मात्र आतल्या खोलीत लोळत पडलाय आणि ‘यंदा चकल्या जाम तेलकट झाल्यात’ असं आईला बिनदिक्कत ऐकवून पाचवी चकली तोंडात टाकतोय. या दोघांत पाहुणा कोण आणि घरचा कोण, हे परग्रहावरून आलेला माणूससुद्धा सांगेल. दत्तक मुलासाठी सण साजरा करणारे पालक त्याला दरवर्षी, कमालीच्या प्रेमानं, जावई करून पाटावर बसवतात. त्याला एकट्यालाच वेगळा पोशाख, त्याच्याच नावानं स्वयंपाक, त्याच्याच चेहऱ्यावर सगळ्यांचं लक्ष. मान मिळतो, पण मान हा पाहुण्यालाच मिळतो. घरच्या माणसाला मिळतं ते काम, बोलणी आणि कंटाळा. पाहुण्याला कंटाळायची मुभा नसते, कारण त्यानं जांभई दिली की यजमानाचा जीव दुखावतो. म्हणून सण मुलाचा झाला की नाही, याची माझ्या मते एकच कसोटी आहे: त्या सणाला त्याला खुशाल कंटाळता येतं का, आणि ते कंटाळलं म्हणून कुणाच्या पोटात गोळा येत नाही ना?

यावर पहिला आक्षेप असा येईल, की काहीच न करण्यापेक्षा हे बरं नाही का? बरंच आहे. होल्ट यांच्या काळातल्या मुलांना कोरियाचा भूगोलसुद्धा शाळेच्या पुस्तकात शोधावा लागला, त्या मानानं समोसा ही क्रांतीच. पण ‘काहीच नाही’ आणि ‘वर्षातून एकदा मुलाचं प्रदर्शन’ यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा आहे. त्या जागेत रेशमी पोशाख आईनंही घालायचा असतो, ड्रॅगनची शेपटी बापानं धरायची असते, आणि मुलगी आजारी पडून झोपली असेल त्या वर्षीसुद्धा पारी लाटायचीच असते. मुलाशिवाय जो सण होतच नाही, तो त्या घराचा झालेला नसतो. दुसरा आक्षेप नेमका याच्यावर आहे: गोऱ्या माणसांनी चिनी नववर्ष किंवा गणपती ‘आपला’ म्हणायचा, हे नाटक नाही का? दुसऱ्याच्या सणावर हक्क सांगणं नाही का? हा प्रश्न विचारणाऱ्यानं एकादशीला आपल्या ताटात बघावं. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथलाच, बटाटा तिथल्या अँडीज डोंगरातला आणि हिरवी मिरचीही त्याच खंडांची लेक. जिरं आणि तूप सोडलं, तर विठोबाच्या नावानं आपण जी खिचडी खातो ती सगळीच्या सगळी दत्तक आहे. तिला उपासाला चालते म्हणून मान्यता कुणी, कधी दिली? कुणीच नाही. आयाबायांनी ती रांधली, पोरांनी खाल्ली, आणि दोन-चार पिढ्यांत ती सनातन झाली. ज्या सार्वजनिक गणेशोत्सवाशिवाय आपल्याला भाद्रपद सुचत नाही, त्यालाही टिळकांनी १८९३ च्या सुमारास चालना दिली. त्याआधीच्या हजार वर्षांत आपले पूर्वज मांडवाशिवाय जगलेच. वापरानं वस्तू आपली होते, हे ज्या समाजाला ताटातल्या खिचडीनं शिकवलं, त्यानं मिनेसोटाच्या बाईच्या हातातलं लाटणं काढून घेऊ नये.

तिसरा आक्षेप जास्त तर्कशुद्ध आहे. मूल तीन महिन्यांचं असताना आलं. त्याला कसली आठवण आणि कसला वारसा? संस्कृती रक्तात नसते. बरोबर, नसतेच. पंढरपुरात जन्मलं म्हणून बाळाला अभंग पाठ असत नाहीत. पण आठवण बाळाला नसली तरी जगाला असते. जग त्या चेहऱ्याकडे बघून वर्षानुवर्षं विचारत राहतं, तू मूळचा कुठला? ‘डेन्व्हर’ हे खरं उत्तर दिलं तर जगाचं समाधान होत नाही, ते पुन्हा विचारतं, नाही, पण मूळचा? हा प्रश्न मुलाला टाळता येत नाही, म्हणून त्याच्या खिशात उत्तर असावं लागतं, आणि ते पाठ केलेलं असण्यापेक्षा जगलेलं असलेलं बरं. ‘आमच्या घरी हा सण करतात, माझ्या बापाला मोदकाच्या कळ्या पाडता येत नाहीत’, असं सहज सांगता येणारं मूल प्रश्नकर्त्याच्या डोक्यातला हत्ती, गारुडी आणि योगासनं एका वाक्यात बाजूला सारतं.

चौथा आक्षेप मराठी इतिहासातूनच येतो. आपल्याकडे दत्तक ही काही नवी गोष्ट नाही. डलहौसीनं नामंजूर केल्यामुळे तर ती प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ आहे. आपल्या जुन्या रीतीत मूळ संस्कृतीचा मान वगैरे भानगड नव्हती. दत्तक पुत्रानं जन्मदात्याचं गोत्र आणि धन घेऊ नये, असं मनुस्मृती सांगते, म्हणजे विधी झाला की मागची पाटी पुसली. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याचे सयाजीराव झाले, कागलचे यशवंतराव घाटगे १८८४ मध्ये कोल्हापूरचे शाहू झाले, आणि दोघांचंही काही बिघडलं नाही. मग आताच हा नखरा कशाला? एक तर, ही दत्तकं बहुधा भाऊबंदांतली, त्याच भाषेतली, त्याच देवांतली होती. नाव बदललं, गादी मिळाली, पण सणाचा स्वयंपाक बदलला नाही, आणि आरशातला चेहराही दरबारातल्या चेहऱ्यांत खपून गेला. या आक्षेपाला खरं बळ देणारं उदाहरण दुसरंच आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८७४ मध्ये काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, तो यशवंत. ज्या रूढींनी त्याच्या आईला वाळीत टाकलं असतं, त्याच रूढी ‘तुझा वारसा’ म्हणून यशवंतला सजवून देण्याचं फुल्यांच्या मनातही आलं नसेल. त्यांनी त्याला आपलं घर दिलं, आपले विचार दिले, डॉक्टर केलं, आणि १८९७ च्या प्लेगात तो सावित्रीबाईंबरोबर रुग्णांच्या सेवेला उभा राहिला. यातून निघणारा धडा असा, की वारसा गाळून घ्यावा लागतो. ज्या मुलीला मुलगी म्हणून सोडून दिलं गेलं, तिला त्या मुलुखातलं सगळंच पवित्र म्हणून वाढता येत नाही. पण हे उदाहरण माझ्या म्हणण्याविरुद्ध जात नाही, उलट त्याला दुजोराच देतं. फुल्यांचं घर यशवंतसाठी वेगळं काही ‘साजरं’ करत नव्हतं. जे घरात रोज चाललं होतं, त्यातच तो वाढला.

इथपर्यंत अमेरिकेला सल्ले देणं सोपं होतं. आता जरा घरी येऊ. अलीकडच्या वर्षांत भारतातून वर्षाला चारशेच्या आसपास मुलं परदेशात दत्तक जातात, आणि त्याच्या कितीतरी पट मुलं देशातल्या देशात. देशांतर्गत दत्तकांत महाराष्ट्र बहुतेक वर्षी पुढे असतो, ही कौतुकाची गोष्ट. नोंदणी ऑनलाइन झाल्यापासून ठाण्यातल्या जोडप्याला ओडिशाचं बाळ मिळतं, नाशिकच्या जोडप्याला आसामचं. मग अशा किती घरी ओडिशाचा रज सण होतो? किती ओट्यांवर पोडा पिठा भाजला जातो? बिहारमधून आलेल्या बाळासाठी छठला ठेकुआ तळणारी पुण्यातली आजी शोधून दाखवा. मिनेसोटाच्या बाईनं निदान चुकीचे ज्याओझ तरी केले. आपण बाळाचा रंग घरात मिळून जातो का एवढं बघतो आणि ‘आमच्यावरच गेलाय’ असं शेजारणीनं म्हटलं की कृतकृत्य होतो. रशियन मुलांच्या आया आणि आपण यांत फरक शोधायचा तर भिंग लागेल. कुणी म्हणेल, आपलं सगळं भारतीयच, वेगळं काय करायचं? हे म्हणणारा माणूस गौरीच्या नैवेद्यावरून चुलतभावाशी तीन वर्षं बोलत नसतो, हे विसरू नये. आणि खरं तर आपलं काम किती सोपं आहे बघा. मकरसंक्रांतीच्या आगेमागेच आसामात माघ बिहू असतो. तिथेही तीळ, तिथेही गूळ. फक्त तांदळाच्या पिठीच्या पातळ सुरळीत तिळगुळाचं सारण भरतात आणि त्याला तिल पिठा म्हणतात. नाशिकच्या घरात वड्या थापताना बाजूच्या तव्यावर चार सुरळ्या टाकल्या, तर कुठलं देवघर बाटणार आहे? त्यासाठी मुलाला धोतर-गामोसा नेसवून फोटो काढायची गरज नाही. दरवर्षी करायच्या, सगळ्यांनी खायच्या, शेजारी वाटायच्या. पाच वर्षांनी सोसायटीतल्या दोन बायका ‘तुमच्याकडच्या त्या सुरळ्या’ मागायला लागतील, आणि मग त्यांना आसामी म्हणावं की नाशिकच्या, हा वाद विद्वानांनी घालावा.

शेवटचा आक्षेप पालकांच्या काळजातला आहे. इतकं करूनही मूल तेराव्या वर्षी म्हणालं, मला नको तुमचा हा सण, तर? तर सण करायचा. त्याला न विचारता करायचा. तेरा वर्षांचं कुठलंही मूल सणाला नाकच मुरडतं, सदाशिव पेठेतलंही आणि सोलमधलंही. ते दार लावून आत बसेल. बाहेर आईबाप पीठ मळत असतील, आणि वास आला की ते फोनमध्ये डोकं घालूनच बाहेर येऊन चार उचलून नेईल. अशा वेळी समुपदेशकाला फोन करू नये, ‘तुझी मुळं’ वगैरे शब्द काढू नयेत. फार तर भांडी घासायला लावावीत. सण मुलासाठी असता तर त्याच्या नकारानं तो मोडला असता. घराचा असल्यामुळे तो चालू राहतो, आणि परत यायचं दार उघडं राहतं. पुढे कधीतरी ती मिनेसोटाची मुलगी स्वतःच्या बिऱ्हाडात ज्याओझ करेल. त्यात मक्याचे दाणे घालेल, तारीख दोन दिवस चुकवेल. तिची निळ्या डोळ्यांची आई येऊन कमरेवर हात ठेवून म्हणेल, ‘आपल्याकडे असं नाही करत.’ मुलगी म्हणेल, ‘तू तरी पुस्तकात बघूनच शिकलीस ना?’ दोघी हट्टाला पेटतील, जेवण गार होईल. वारसा पोचल्याची याहून खात्रीची पावती नाही, कारण जी इस्टेट आपली नाही तिच्यावरून कुणी भांडत नाही. ते भांडण मिटवायला कुणीही मध्ये पडू नये. बापानंसुद्धा नाही. त्यानं स्टूल घ्यावं आणि दिव्यांची माळ लावावी.